कपाटाची किल्ली कोणाकडे?

नाशिकमध्ये एखाद्या स्नेहमंडळाचं पन्नासावं वर्ष जवळ आलं की एक ठरलेली धावपळ सुरू होते. स्मरणिका काढायची असते. समिती नेमली जाते आणि पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतं, जुने फोटो कोणाकडे आहेत? मग फोनाफोनी. एका माजी चिटणिसांच्या घरी कापडी पिशवी निघते, दुसऱ्यांच्या माळ्यावर पत्र्याची ट्रंक. संस्थापकांपैकी कोणाच्या तरी मुलाकडे पहिल्या कोजागिरीचा फोटो भिंतीवर असतो, तो फ्रेममधून उचकटून आणला जातो. सगळा ढीग डीटीपीवाल्याकडे जातो. स्मरणिका वेळेत निघते, पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होतं, सगळ्यांना समाधान वाटतं. मूळ कागद मात्र घरोघर परत जातातच असं नाही. फोटोच्या मागे कोणीतरी बॉलपेनने पान क्रमांक टाकलेला असतो आणि तो पुढून उमटलेला असतो. इतिवृत्ताच्या वहीतलं ‘महत्त्वाचं’ पान स्कॅन करायला सोपं जावं म्हणून फाडून वेगळं केलेलं असतं. पंचाहत्तरावं वर्ष येतं तेव्हा नव्या समितीच्या हाती एकच वस्तू असते, पन्नासाव्या वर्षाची स्मरणिका. तिच्यातल्या चुका मग पुढच्या स्मरणिकेत जशाच्या तशा उतरतात.

म्हणून आधीच सांगतो: मंडळाचा इतिहास म्हणजे मंडळाचं दप्तर. सभांची इतिवृत्तं, कीर्द-खतावणी, पावतीपुस्तकं, निमंत्रणपत्रिका, हजेरीपट, पत्रव्यवहार, फोटो, आणि आता मोबाईलवरचे ग्रुप. हे दप्तर कोणाच्याही घरी असू नये. ते मंडळाच्या ताब्यात, एका नेमलेल्या दप्तरदाराकडे असावं, वर्षभर सांभाळलं जावं आणि त्याची एक प्रत मंडळाबाहेर, शहराच्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात असावी. महोत्सवी वर्षाची वाट पाहणं हाच मुळात चुकीचा रस्ता आहे.

हा प्रश्न मंडळाच्या घरातला आहे, शहराचा त्याच्याशी काय संबंध, असं कोणी म्हणेल. नाशिकपुरतं तरी ते खरं नाही. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये आली, करन्सी नोट प्रेस १९२८ मध्ये. ओझरचा विमान कारखाना १९६४ चा. मग सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहती. या प्रत्येक टप्प्यावर खानदेशातून, कोकणातून, मराठवाड्यातून, घाटाखालून माणसं आली. नोकरी कारखान्याने दिली; पण भाड्याची खोली कुठे मिळेल, मुलीसाठी स्थळ कोण सुचवेल, रात्री-अपरात्री घरात कोणी गेलं तर खांदा द्यायला चार माणसं कुठून येतील, याची सोय गाववाल्यांच्या मंडळाने, ज्ञातिमंडळाने, कॉलनीतल्या रहिवासी संघाने केली. कारखान्यांची कागदपत्रं कारखान्यांकडे आहेत, घरपट्टीच्या नोंदी महापालिकेकडे आहेत. परगावच्या माणसांनी या शहरात एकमेकांना कसं शोधलं आणि कसं धरून ठेवलं, याचा पुरावा मात्र त्या कापडी पिशवीतच आहे. ती पिशवी रद्दीत गेली तर नाशिकच्या गेल्या शंभर वर्षांचा मोठा भाग फक्त सरकारी कागदांतून वाचावा लागेल.

या शहराने तसं एकदा पाहिलेलंही आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नाशिकमध्ये ‘मित्रमेळा’ नावाने तरुणांचा गट जमला आणि १९०४ मध्ये त्याचं ‘अभिनव भारत’ झालं. गुप्त संघटना असल्याने तिने दप्तर ठेवणं शक्यच नव्हतं. परिणाम असा, की तिच्याविषयीचा पुष्कळसा तपशील इंग्रज सरकारच्या खटल्यांच्या कागदांतून आणि पुढे लिहिलेल्या आठवणींतून गोळा करावा लागतो. कोजागिरीला मसाला दूध आटवणाऱ्या मंडळावर तशी कोणतीच सक्ती नाही.

दप्तर कसं टिकतं हे शिकायला लांब जायची गरजही नाही. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी लांबट वही काढतात आणि पणजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, हे वाचून दाखवतात. पुष्कळदा खाली पणजोबांची सही किंवा अंगठा असतो. यात भावनेचा भाग आहेच, पण इथे पाहायची ती पद्धत. नोंद घटना घडते त्याच दिवशी होते, नंतर आठवून नाही. नोंद ज्याची, त्याच्याच हाताने किंवा त्याच्या समोर होते. तिचा ठावठिकाणा गाव आणि आडनाव या दोन गोष्टींनी ठरतो, त्यामुळे शंभर वर्षांनीही सापडते. वही कापडात बांधलेली असली तरी ती सारखी उघडली जाते, झटकली जाते, म्हणून कसर लागली तर लगेच कळतं. आणि वही कोणाची जबाबदारी आहे याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते. आपल्या मंडळांत या पाचपैकी एकही गोष्ट धड होत नाही. दप्तर कपाटात कोंडलेलं, कपाटाची किल्ली आधीच्या चिटणिसांकडे, आणि ते मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले.

काय ठेवायचं आणि काय टाकायचं, इथे सगळ्यांत मोठी गफलत होते. माणसं हार-तुऱ्यांचे फोटो आणि मानपत्रं जपतात आणि पावत्या टाकतात. खरं तर उलट करावं. समजा कोजागिरीच्या खर्चाचं एक व्हाउचर हाती आलं: दूध ४० लिटर, साखर ५ किलो, चारोळी पाव किलो, जायफळ, केशर एक ग्रॅम, पातेली आणि शेगड्यांचं भाडं, सतरंज्या १२. एका पेल्यात साधारण १५० मिलिलिटर दूध धरलं तर ४० लिटरचे अडीचशेच्या आसपास पेले होतात. आटलेलं आणि सांडलेलं वजा केलं तर सव्वादोनशे. स्मरणिकेत त्याच वर्षी ‘हजारोंच्या उपस्थितीत’ असं छापलेलं असेल, तर खरं काय ते व्हाउचर सांगतं. बारा सतरंज्यांवर सव्वादोनशे माणसं बसणं कठीण, म्हणजे घराघरांतून चटया आल्या असणार. भाड्याच्या पावतीवर दुकानाचं नाव आणि पत्ता असतो, म्हणजे तेव्हा मंडपाचं सामान कुठून यायचं तेही कळतं. वर्गणीच्या पावतीपुस्तकाची स्थळप्रत याहून बोलकी. कोणत्या गल्लीत किती घरं, कोणी ५ रुपये दिले, कोणी ५१, कोणाच्या नावापुढे ‘बाकी’ लिहून ती तीन वर्षं तशीच पुढे ओढली आणि शेवटी चिटणिसांनी गुपचूप काट मारली. त्या काटेत मंडळाचा सगळा स्वभाव दिसतो. हिशेब तपासून झाला की अशी पुस्तकं रद्दीत घालायची पद्धत आहे, ती आधी थांबली पाहिजे. सगळी ठेवायला जागा नसेल तर दर पाचव्या वर्षाचं संपूर्ण बाड ठेवावं आणि बाकीच्या वर्षांची कीर्द तेवढी ठेवावी.

इतिवृत्त वाचायलाही सवय लागते. ‘सर्वानुमते मंजूर’ या दोन शब्दांखाली दोन तासांचं भांडण दडलेलं असू शकतं. खरी गोष्ट बहुधा शेवटच्या विषयात असते: ‘आयत्या वेळचे विषय’. जागेचा वाद, वधू-वर मेळाव्याची फी, महिलांना कार्यकारिणीत घ्यायचं की नाही, हे सगळं तिथे येतं, कारण विषयपत्रिकेवर ते छापायला कोणी तयार नसतं. सूचक आणि अनुमोदक यांची नावं सलग काही वर्षं उतरवून काढली की गट कसे होते ते न बोलता उलगडतं. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना झालेली दुरुस्ती तर आवर्जून पाहावी.

स्थापनेचं साल हा आणखी एक कायमचा तिढा. मंडळ फुटलं असेल तर दोन स्मरणिका दोन वेगळी सालं सांगतात आणि दोघांनाही खात्री असते. इथे एक साल ठरवायचा हट्टच धरू नये. तीन तारखा वेगवेगळ्या नोंदवाव्यात: पहिली माणसं जमली ती, मंडळाची घटना म्हणजे नियमावली लिहून मंजूर झाली ती, आणि नोंदणी झाली ती. प्रत्येकीपुढे पुरावा कोणता ते लिहावं. नुसती आठवण असेल तर ‘आठवण’ असंच लिहावं. जुन्या पत्रिकांवर तिथी आणि शके असतं, तिथेही घोळ होतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. त्यामुळे शके १८९७ ची कोजागिरी १९७५ मधली, आणि त्याच शकातला माघातला तिळगूळ समारंभ १९७६ मधला. हे लक्षात न घेतल्याने तिळगुळाचे फोटो एक वर्ष मागे टाकल्याची उदाहरणं जागोजाग सापडतात.

मंडळ नोंदणीकृत असेल तर हरवलेल्या बऱ्याच गोष्टी परत मिळवता येतात, आणि हे फार थोड्या कार्यकारिणींना ठाऊक असतं. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी करताना किमान सात जणांच्या सह्यांचं ज्ञापन (मेमोरँडम) लागतं. म्हणजे संस्थापक कोण, याचं एक सहीशिक्क्याचं उत्तर फायलीत असतंच. सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असेल तर पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. नोंदणी क्रमांक हाती असेल तर नाशिकच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट एकचा (न्यासाच्या नोंदवहीतल्या तपशिलाचा) उतारा, मूळ घटना आणि चेंज रिपोर्टांच्या नकला मागता येतात. त्या क्रमाने लावल्या की अध्यक्ष-चिटणिसांची पिढीवार यादी तयार होते. अडचण एवढीच, की कित्येक मंडळांनी पंधरा-पंधरा वर्षं चेंज रिपोर्ट दिलेलेच नसतात. कायद्याच्या दृष्टीने ती वेगळी डोकेदुखी आहे. इतिहासाच्या दृष्टीने ते भोक आहे आणि ते हयात माणसांना विचारूनच बुजवावं लागतं.

आता ज्या गोष्टी दप्तरातही सापडत नाहीत त्यांच्याविषयी. स्नेहमेळाव्याला सगळ्यांत जास्त राबल्या त्या बायका, आणि दप्तरात त्यांची नावं सगळ्यांत कमी. हळदीकुंकवाचा खर्च ‘किरकोळ’ या सदरात. फोटोखाली ‘महिला सदस्या’. पत्रिकेवर ‘सौ.’ आणि पुढे यजमानांचं नाव. दुरुस्ती आजपासून करता येते: फोटोतल्या प्रत्येक बाईचं स्वतःचं नाव, सासरचं आणि माहेरचं आडनाव, आणि माहेरचं गाव लिहायचं. माहेरचं गाव का? कारण नाशिकसारख्या शहरात दोन मंडळं एकमेकांशी जोडली गेली ती पुष्कळदा लग्नांतून, आणि तो धागा फक्त तिथेच सापडतो. शंभर माणसांच्या जेवणाचं प्रमाण ज्या बाईला तोंडपाठ होतं, तिला विचारून ते वजनासकट लिहून ठेवणं हेही इतिहासाचंच काम आहे. अध्यक्षीय भाषणाची टाचणं त्यापुढे खरोखर कमी महत्त्वाची.

यापुढचा मुद्दा काहींना बोचेल. ज्ञातिमंडळांच्या जुन्या वह्यांत माणसं जोडल्याच्या नोंदी आहेत तशा तोडल्याच्याही आहेत. आंतरजातीय लग्न केलं म्हणून वर्गणी परत केली, विधवेला हळदीकुंकवाला बोलावलं नाही, अमुक कुटुंबाला पंगतीत घेऊ नये असा ठराव झाला. स्मरणिकेच्या वेळी ही पानं ‘आता कशाला’ म्हणून बाजूला काढली जातात, कधी फाडलीही जातात. तसं करू नये. ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तिथे दार कोणाला बंद होतं याचा पुरावा नष्ट करणं हा दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो का करावा लागला, हे पुढच्या पिढीला त्या पानांवरूनच कळणार आहे. पान ठेवावं, त्यातल्या हयात माणसांची नावं जाहीर करू नयेत. ठेवणं आणि जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की घाबरून फाडणं सुरू होतं.

हीच गल्लत वधू-वर सूचीच्या बाबतीत उलट्या दिशेने होते. उत्साहाच्या भरात जुन्या सूच्या स्कॅन करून इंटरनेटवर टाकल्या जातात. त्यात जन्मवेळ, पगार, रंग, घटस्फोटाचा उल्लेख, फोन, पत्ता सगळं असतं. ज्या मुलीचं नाव १९९८ च्या सूचीत आहे ती आज पन्नाशीला आलेली, नोकरी करणारी बाई आहे. तिने ही माहिती मेळाव्यापुरती दिली होती. अशा सूच्या पूर्ण जपाव्यात, पण निदान साठ वर्षं बंद ठेवाव्यात. अभ्यासासाठी कोणाला हव्याच असतील तर नावं आणि पत्ते झाकून द्याव्यात. अपेक्षांचा रकाना एवढाच वाचला तरी ‘गृहकृत्यदक्ष’पासून ‘नोकरी करणारी हवी’पर्यंतचा प्रवास दिसतो, आणि त्यासाठी नावं लागत नाहीत.

कागद जपण्याच्या कामात आपण प्रेमाने जे करतो त्यातलं निम्मं घातक असतं. पहिला नंबर लॅमिनेशनचा. नोंदणी प्रमाणपत्र आणि पहिलं मानपत्र हटकून लॅमिनेट केलेलं असतं. उष्णतेने वितळलेलं प्लॅस्टिक कागदात मुरतं, ते परत निघत नाही आणि आत ओल राहिली असेल तर कागद आतून काळा पडतो. दुसरा सेलोटेप: दहा-पंधरा वर्षांत टेप गळून पडते आणि पिवळा चिकट डाग कायमचा राहतो. फाटलेलं पान तसंच पाकिटात ठेवलं तरी चालतं. तिसरं, पारदर्शक कागदाखाली फोटो चिकटवायचे ते १९८०-९० च्या काळातले अल्बम. त्यांचा गोंद फोटोला पिवळं पाडतो. आधी प्रत्येक पानाचा जसाच्या तसा फोटो काढावा, कारण कोणाशेजारी कोण लावलंय यालाही अर्थ असतो. मग फोटोच्या मागून दात साफ करायचा बारीक दोरा करवतीसारखा सरकवत हळूहळू सोडवावा. नखाने उचलला तर वाकतो आणि वरचा थर तडकतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर सोडवूच नये. काचेसकट, दिवा तिरका ठेवून त्याचा फोटो घ्यावा.

टाचण्या, स्टेपल आणि रबरबँड काढून टाकावेत. पावसाळ्यात टाचणी गंजते आणि रबर कागदाला चिकटतं. गठ्ठे मांजरपाटात बांधावेत, पण कापड आधी दोनदा धुवून खळ पूर्ण काढलेली असावी, नाहीतर खळीला कसर येते. जुन्या पोथ्यांत वेखंडाचे तुकडे ठेवायची रीत चांगली आहे. मात्र वेखंड ठेवलं म्हणून पाहणं सोडू नये. डांबरगोळ्यांवर विसंबणं त्याहून वाईट. फोटोच्या मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, कडेला, फोटो पालथा काचेवर ठेवून.

जागा निवडताना गोदावरीचा विचार करावा लागतो. दुतोंड्या मारुतीला पाणी किती लागलं यावर जुनं नाशिक पूर मोजतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीकाठच्या पेठांत पाणी कुठवर आलं ते पाहिलेली माणसं अजून सांगतात. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर दप्तर नकोच. जुन्या वाड्याची मातीची भिंत ओल धरते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर. पत्र्याखालचा माळाही नको, एप्रिल-मेच्या उन्हात तिथे फोटोंचा थर सुटतो. भिजलंच तर ४८ तासांत बुरशी धरते. उन्हात वाळवू नये. सावलीत, पंख्याखाली, टीपकागद मधे घालून वाळवावं. गठ्ठा मोठा असेल आणि हात कमी असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेवावा, आईस्क्रीमच्या दुकानदाराला विनंती करून. गोठलेल्या कागदाची नासाडी थांबते. मग सवडीने थोडा थोडा काढून वाळवता येतो.

स्कॅनिंगला सगळे उत्सुक असतात, पण माप कोणी ठरवत नाही. कागदाला ३०० डीपीआय (दर इंचाला तितके ठिपके) पुरे, फोटोला ६००. चार बाय सहा इंचाचा रंगीत फोटो ६०० ला टिफ, म्हणजे न दाबलेल्या फाईलच्या, स्वरूपात साधारण २६ एमबी होतो, म्हणजे हजार फोटोंना २६ जीबी. आजच्या साध्या हार्ड डिस्कवर ही जागा काहीच नाही. वेळ मात्र लागतो. ठेवणं, स्कॅन, नाव देणं, मागचा मजकूर टिपणं धरून एका माणसाचे तासाला तीसेक फोटो होतात. दोन माणसं, रविवारी दोन तास, आठ रविवार. एवढ्यात हजार फोटो हातावेगळे होतात. फाईलला ‘कोजागिरी नवीन फायनल’ असं नाव दिलं तर पुढच्या वर्षी कोणालाच काही कळत नाही. वर्ष, महिना, दिवस, प्रसंग, क्रमांक, याच क्रमाने लिहावं. दिवस माहीत नसेल तर शून्यं. तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या इमारतीत. पेनड्राइव्ह आणि जुन्या सीडी यांना प्रत समजू नये. डिस्क वर्षातून एकदा उघडून पाहण्याचं काम दप्तरदाराच्या यादीत असावं.

१९९० नंतरच्या स्मरणिकांची वेगळीच पंचाईत आहे. त्या पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या काळच्या मराठी फॉन्टांत जुळवलेल्या. मूळ फाईल मिळाली तरी आज उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसतात. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकते आणि आडनावं बिघडतात. म्हणून छापील प्रत समोर ठेवून ओळ न ओळ ताडून पाहिल्याशिवाय त्या मजकुरावर विश्वास ठेवू नये.

आणि आजचं इतिवृत्त तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिहिलं जातंय. निधनाची बातमी, सभेची सूचना, मेळाव्याची पत्रिका, वाद, सगळं तिथेच. ॲडमिनचा फोन हरवला की दोन वर्षं गेली. दर तीन महिन्यांनी ग्रुपचा मजकूर एक्स्पोर्ट करून दप्तरात ठेवावा, आणि तसं होतंय हे सभासदांना आधी सांगावं. फोटो ग्रुपवर टाकले की लहान होतात आणि काढल्याची तारीख गळते. मेळाव्याचे निवडक पन्नास फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा थेट केबलने दप्तरदाराकडे द्यावेत. पन्नासच. दोन हजार फोटो कोणीही कधीही ओळखून लिहीत नाही.

ज्येष्ठांच्या मुलाखती घ्यायच्या त्या तासाभराच्या आतच. आधी फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फोन घडी केलेल्या टॉवेलवर तोंडापासून वीतभर अंतरावर. सुरुवातीलाच तारीख, नाव आणि संमती आवाजात घ्यावी. ‘मंडळाबद्दल काहीतरी सांगा’ असं विचारलं तर भाषण मिळतं. हातात जुना फोटो द्यावा आणि विचारावं: ही पातेली कोणाची, चूल कोणी पेटवली, हा मागे उभा असलेला मुलगा कोण? साल चुकलं तर मधेच सुधारू नये, टिपणात लिहावं. अहिराणीत किंवा मालवणीत बोलत असतील तर बोलू द्यावं, आणि लिहून काढतानाही पुस्तकी मराठी करू नये. एका तासाचं संपूर्ण शब्दांकन करायला नवख्याला सहा-आठ तास जातात आणि तिथेच बहुतेक उपक्रम आटपतात. त्यापेक्षा त्याच रात्री एक पानभर मिनिटवार सूची करावी: सातव्या मिनिटाला जागेचा वाद, बाविसाव्याला पहिली सहल. शोधणाऱ्याला तेवढं पुरतं.

एवढं सगळं केलं तरी मंडळच बंद पडलं तर? तरुण मंडळी पुण्याला, परदेशी जातात, सभासद कमी होतात, आणि एक दिवस शेवटचे अध्यक्ष कपाट कोणाला देऊ असं विचारतात. म्हणून ही बाब सार्वजनिक आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे. इतकं आयुष्य कोणत्याही स्नेहमंडळाला लाभणं कठीण. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालयं शहरात आणि तालुक्यांत आहेत. त्यांनी प्रत्येकी एक कपाट स्थानिक संस्थांच्या दप्तरासाठी राखावं आणि महापालिकेने त्या कामासाठी एका प्रशिक्षित माणसाचा पगार उचलावा, ही मागणी अवास्तव नाही. सिंहस्थासाठी शहर घाट आणि रस्ते बांधतं, त्यापुढे हा खर्च नगण्य आहे. ग्रंथालयं जागेची अडचण सांगतील, ती खरीही आहे. पण मंडळांनी आधी निवड केली, दुबार प्रती वगळल्या, तर पन्नास वर्षांचं दप्तर पाच-सहा पेट्यांत मावतं.

देताना करार लेखी हवा. मालकी मंडळाची की ग्रंथालयाची, कोणत्या पेट्या किती वर्षं बंद, नकला कोणाला, मंडळ विसर्जित झालं तर काय: या चार गोष्टी एका पानात बसतात. घटनेतही एक कलम घालावं, की विसर्जनाच्या वेळी दप्तर अमुक ग्रंथालयाकडे जाईल. शिल्लक रक्कम कोणाकडे जाईल हे घटनेत असतं, कागद कोणाकडे जातील हे नसतं.

सुरुवात पावसाळ्याआधीच्या एका रविवारी करता येते. सगळ्यांना सांगायचं, जे आहे ते जसं आहे तसं आणा, पुसू नका, लावू नका. एका घरातून आलेला गठ्ठा दुसऱ्यात मिसळायचा नाही. वहीत पाच रकाने: क्रमांक, काय आहे, कोणाकडून आलं, कोणत्या तारखेला, कुठे ठेवलं. देणाऱ्याला पोचपावती द्यायची आणि तिच्यावर दोन शब्दांपैकी एक खोडायचा, ‘कायमचं’ किंवा ‘परतीचं’. परतीचं असेल तर स्कॅन करून महिन्याच्या आत परत. कपाटाच्या दोन किल्ल्या, एक दप्तरदाराकडे, एक खजिनदाराकडे, आणि किल्ली हाती दिल्याची सही त्याच वहीत. पोचपावत्यांच्या स्थळप्रती पहिल्या पेटीत, सगळ्यांत वर.